भुकेच्या बाई

"भूक लागलीय हो. काय आहे घरात?"

बाई दारात चप्पल काढतानाच हे विचारायच्या. आत यावं, टेकावं, पाणी प्यावं, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलाव्यात आणि मग कुणी आग्रह केला तर नको नको म्हणत खावं, अशी आपली रीत. बाईंना ती मान्य नव्हती. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, खांद्याला कापडी पिशवी आणि तोंडात हे वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, काय बाई तरी! कॉलेजात शिकवतात म्हणे, आणि लोकांच्या दारात उभ्या राहून खायला मागतात.

तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता. आमच्या मंगळवार पेठेत नाव ठेवायला वेळ लागत नाही. आठवड्याच्या आत त्यांचं नाव 'भुकेच्या बाई' पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. "बरं झालं. मागचं नाव पोटरीच्या बाई होतं. त्यापेक्षा हे बरं," म्हणाल्या.

पोटरीच्या बाई का, ते सांगते. बाई आहारशास्त्र शिकवायच्या. म्हातारी माणसं का खंगतात, कुणी ऐंशीतही खणखणीत राहतं आणि कुणी सत्तरीतच भिंत धरून चालायला लागतं ते का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी त्या घरोघरी जाऊन शिंप्याच्या टेपनं म्हाताऱ्या माणसांच्या पोटऱ्या मोजायच्या. पोटरी बारीक होत गेली की माणूस आतून झिजायला लागलाय असं समजायचं, म्हणायच्या. मग हात न टेकता खुर्चीतून उठायला लावायच्या, सोप्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायच्या. मूळच्या कोडोलीच्या, शेती करणाऱ्या जैन घरातल्या. लग्न केलं नव्हतं. आमच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या.

आमच्या घरी त्या आल्या त्या आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. चंदगडची गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की घरात कुणी 'पाऊस आला' म्हटलं तरी "ह्यो कसला पाऊस? चंदगडला जावा आनी बघा," म्हणून सुरू व्हायचे. आवाज असा की आबांनी सोप्यात पाणी मागितलं तर शेजारच्या अक्काताई त्यांच्या घरातून विचारायच्या, "आणू काय मीच?"

आई गेली आणि हा माणूस उतरणीला लागला. मी हायस्कुलात शिकवते, मीही लग्नाच्या भानगडीत पडले नाही, घरात आम्ही दोघंच. सकाळी आबांचं ताट वाढून ओट्यावर झाकून ठेवायची आणि शाळेला पळायची. संध्याकाळी येऊन बघावं तर ताट घासून पालथं घातलेलं. "आबा, जेवला का?" "जेवलोय की!" आणि आबा मात्र रोज थोडे थोडे वाळत चाललेले. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं ठीक आहे, वय झालं, म्हणाले. त्या उत्तराचा मला असा संताप यायचा! वय झालं म्हणजे काय? माणूस म्हणजे साखर आहे का विरघळायला?

पहिल्या भेटीत बाईंनी पिशवीतून एक यंत्र काढलं. मुठीत धरून दाबायचं आणि वरच्या तबकडीत काटा फिरतो. हाताची पकड किती उरलीय ते त्यात कळतं, आणि पकडीवरून अंगातला जोर कळतो, असं त्यांनी सांगितलं. आबा हसले. "बाई, पावर स्टेरिंग न्हवतं तवाच्या गाड्या वडल्यात ह्या हातांनी. मोडंल तुमचं ह्ये." आणि त्यांनी मूठ आवळली. कपाळावरची शीर फुगली, मान थरथरली. काटा जेमतेम हलला. आबांनी यंत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि बाईंना परत दिलं.

"खराब हाय ह्ये."

बाई हसल्या नाहीत. "असेल की. पुढच्या वेळी नीट करून आणते," म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, काल काय काय जेवलात? आबांनी घडाघडा सांगितलं. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, आमटी, भात, वाटीभर दही. मी जे जे रांधलं होतं त्यातला एक पदार्थ सुटला नाही. वर "लेक सगळं करून ठेवती, कशाला कमी न्हाय," हेही झालं. शेजारी अक्काताईंनीही तसंच सांगितलं, फक्त लेकीच्या जागी सून. गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं उत्तर तेच. आता तुम्हीच सांगा, घरातलं उणं कुणी परक्या बाईपुढं मांडतं का? 'जेवला का' म्हटलं की 'जेवलो' म्हणायचं. आपल्याकडं माणूस उपाशीपोटीही हेच म्हणतो, आणि ते म्हणताना त्याला आपण खोटं बोलतोय असं वाटतही नाही.

बाई निघाल्या आणि पायरीवर थांबल्या. पायरीवर गल्लीचं कुत्रं पसरलं होतं.

"ताई, हे कुत्रं तुमचं?"

"छे हो. गल्लीचं आहे."

"अंगानं चांगलंच भरलंय."

"लाडावलंय मेलं. सगळी गल्ली सोडून आमच्याच दारात असतं."

बाईंनी कुत्र्याकडं बघितलं, मग उघड्या दारातून आत आबांकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. अगंबाई! मी तशीच आत वळले. "आबा, ताट कुत्र्याला घालता तुम्ही?" माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. शेवटी मी आबांचीच मुलगी.

आबा जमिनीकडं बघत होते. "एकट्यानं काय जेवायचं गं? घास नुसता तोंडात फिरतोय. खाली उतरत न्हाय."

मला तेव्हा सगळं लख्ख कळलं. नोकरीत असताना समोर कंडक्टर बसल्याशिवाय आबांनी कधी डबा उघडला नव्हता. घरी आल्यावर समोर आई असायची. एकट्यानं जेवणं हे त्यांना कधी करावंच लागलं नव्हतं. मला वाटलं आता बाई एक व्याख्यान देणार. प्रथिनं, कडधान्यं, रोज एक अंडं वगैरे. बाई फक्त "येते मी," म्हणाल्या आणि गेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन चहा टाकतेय तोवर दारात आवाज आला, "भूक लागलीय हो. काय आहे घरात?"

आबा ताडकन उठले. म्हणजे उठायचा प्रयत्न केला, खुर्चीचे हात धरून. दारात आलेलं माणूस भूक लागली म्हणतंय आणि आपण बसून राहायचं? "पोरी, ताट घे! बाईस्नी भूक लागलीया!" मी भाकऱ्या थापल्या. बाई पाटावर बसल्या आणि ताटाला हात लावेनात. "आबा, तुमचं ताट? मी एकटी कशी जेवू?" झालं. पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं म्हणजे आबांच्या सात पिढ्यांना बट्टा. समोर बसले. त्या दिवशी आबांनी अख्खी भाकरी खाल्ली. मी तव्याकडं तोंड करून उभी होते, कारण डोळे पुसायचे होते.

बाई दिवस मावळल्यावर जेवायच्या नाहीत, त्यामुळं हे सगळं उन्हं असतानाच चालायचं. आमच्याकडं त्या वेळेला लोक चहा पितात. आबा भिंतीवरचं ऊन बघत बसू लागले. ऊन खिडकीच्या वर सरकलं की "आल्या न्हाईत अजून?" सुरू. हळूहळू अक्काताई त्यांचं ताट घेऊन आमच्या सोप्यात यायला लागल्या. समोरचे, कोपऱ्यावरचे, असे आणखी दोघं-तिघं आले. आज कुणाच्या घरी बाईंना भूक लागणार यावरून भांडणं व्हायची. "काल तुमच्यात जेवल्यात, आज आमच्यात," असं अक्काताई दम देऊन सांगायच्या.

रविवारी आमच्याकडं मटण. पहिल्या रविवारी आबा अवघडले. "बाई, आज तुमची अडचण व्हणार."

"कसली अडचण? मला भाकरी आणि दही द्या. तुम्ही खा, मी बघते."

आणि खरंच बघायच्या. आबा रस्सा भुरकत होते आणि फोडी ताटाच्या कडेला सारत होते, ते त्यांनीच बघितलं. "कवळी कुठाय आबा?" आई गेल्यापासून कवळी देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागं डबीत पडली होती. टोचते म्हणून काढली ती राहिली तिथंच. "देवांना काही चावायचं नसतं, आबा. कवळी तोंडात घाला." दुसऱ्या दिवशी बाईच आबांना रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या आणि कवळी घासून आणली. जुन्या शर्टाची कॉलर परत मानेला लागायला लागली. आबा हात न टेकता खुर्चीतून उठायला लागले, आणि कुणी आलं की मुद्दाम उठून दाखवायचे.

एकदा शेंगा सोलत बसल्या असताना बाई म्हणाल्या, "ताई, माझं काम बिघडलं."

"कसं काय?"

"तुमचे आबा सुधारले."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नव्हती चेष्टा. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना झापलं होतं. मोजायला पाठवलं होतं, जेवायला नव्हे. तुलनेसाठी ज्यांना नुसते प्रश्न विचारून यायचं होतं, त्यांच्यासमोरही बाई ताट घेऊन बसल्या होत्या. सगळीच माणसं सुधारली, आता कशामुळं कोण सुधारलं हे कसं दाखवणार? प्रकल्प बंद झाला. "काय लिहू सांगा," बाई म्हणाल्या, "बाईंना भूक लागली म्हणून म्हातारे जेवले, असं लिहू?" त्या हसल्या, पण शेंगा सोलायचं थांबलं होतं. इतक्या वर्षांचं काम होतं ते.

मी म्हटलं, आता या येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात चप्पल वाजली आणि तेच वाक्य.

मग चातुर्मास आला. एरवी बाईंना कांदा-लसूण चालायचा, चातुर्मासात बंद. त्यात त्यांनी एकाशन धरलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. दारातलं वाक्य बदललं. "माझं झालंय आज. तुम्ही बसा, मी सोबतीला आहे," म्हणायच्या. पुढं पर्युषण पर्वाच्या दिवसांत तर नुसतं पाणी. बाई बारीक झाल्या. पातळ खांद्यावरून घसरायला लागलं, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आणि आम्ही काय केलं? आम्ही हात जोडले. "केवढं कडक धरलंय हो बाईंनी!" म्हणत अक्काताई त्यांच्या पाया पडल्या. चेहऱ्यावर तेज आलंय असंही कुणीतरी म्हणालं. मीही त्यातच. ज्या बाईंनी गल्लीतल्या कुत्र्यावरून आमच्या घराचं दुखणं ओळखलं, त्या आमच्या डोळ्यांसमोर खंगत होत्या आणि आम्हाला ते पुण्य दिसत होतं.

दिवाळी झाली, कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास सरला. बाईंचं आपलं "माझं झालंय" चालूच. एके दिवशी त्यांनी यंत्र काढलं. कुणालाही आता त्याची गरज नव्हती, पण आबांना ते दाबायला आवडायचं. आबांनी दाबलं, काटा ऐटीत वर गेला. अक्काताईंनी "वा!" केलं. आबांनी यंत्र बाईंच्या पुढं धरलं.

"आता तुमी दाबा."

"माझं कशाला आबा?"

"दाबा म्हणतोय न्हवं?"

बाईंनी यंत्र हातात घेतलं. मूठ आवळली. मानेची शीर ताणली गेली, हात थरथरला. काटा जेमतेम हलला. त्यांनी यंत्र मांडीवर ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "खराब आहे हे."

"न्हाय बाई," आबा म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आत्ताच मी दाबलंय. यंत्र चांगलं हाय."

 मग बाईंनीच सांगितलं. पोटात गाठ होती. आखाडातच कळलं होतं, तेव्हाच उशीर झाला होता. "उपास आहे म्हटलं की कुणी आग्रह करत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुमचं जेवण चालू राहतं. आजारी माणूस समोर असलं की तुमच्यापैकी कुणी जेवलं असतं का?" मी रागानं उठून आत गेले. कुणावर रागावले होते ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी उलटा क्रम सुरू केला. उन्हं कलायला लागली की काठी घेऊन मागच्या गल्लीत निघायचे. "चल, बाईंच्यात जायाचं हाय." दारात काठी टेकून ओरडायचे, "बाई, भूक लागलीया! काय हाय घरात?" आणि बाई उठायच्या. भिंतीला धरून, पण उठायच्या. मी कणीक भिजवायला गेले तर मला हाकलायच्या. कधी उपीट, कधी मऊ भात. आबांच्या समोर बसून स्वतः दोन घास घ्यायच्या. त्यांच्या फळीवर एक ताट, एक वाटी आणि एक पेला होता. आम्ही गेलो की आबांसाठी ताट आणि बाईंसाठी झाकणी.

मी त्या एका ताटाकडं बघतेय हे त्यांनी बघितलं. "ताई, तुमच्या दारात मी जे म्हणायची ते खोटं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं असेल, आबांना जेवायला बसवायची युक्ती आहे. मला खरंच भूक लागलेली असायची. इथं एकटीला घास जायचा नाही."

पुढं त्यांना उठवेना. त्यांचा भाऊ कोडोलीला घेऊन गेला. आबांनी एक रविवार कसाबसा काढला आणि मग म्हणाले, एसटीनं जाऊ. निघताना मी त्यांना पोटभर जेवायला घातलं होतं. बाई सोप्यात खाटेवर होत्या. चादरीखाली माणूस आहे हे सांगावं लागेल अशी अवस्था. आबांना बघून त्यांचे ओठ हलले. मी वाकून ऐकलं. त्या विचारत होत्या, "आबांना भूक लागलीय का?"

"लागलीया की बाई," आबा म्हणाले. "लई."

भावजयीनं ताट आणलं. भाकरी, मुगाची उसळ, दही. खाटेजवळ पाट मांडला. बाई म्हणाल्या, "तुम्ही खा. मी बघते." आणि आबा जेवले. भरल्या पोटी ते अख्खं ताट जेवले. घास चावत होते आणि डोळ्यांतून पाणी दह्यात पडत होतं, ते पुसायलाही हात थांबवला नाही. बाई एकटक बघत होत्या. मी आबांना दुसरी भाकरी घेऊ नका म्हणून खूण करत होते. त्यांनी ती घेतली.

निघताना आबांनी त्यांच्या हातात आपला हात दिला. "दाबा बघू."

बाईंनी डोळे मिटले. बोटं हलली की नाही ते मला दिसलं नाही.

"आई गं!" आबा ओरडले. "मोडलं की बाई हाड!"

बाई हसल्या. त्यांचं ते हसणं मी शेवटचं बघितलं.

फोन आला त्या दिवशी मी शाळेतून नुकतीच आले होते. भाऊ बोलत होता. पहाटे गेली, दुपारपर्यंत सगळं आटोपलं, तुम्हाला कळवायला उशीर झाला. आबा समोरच खुर्चीत होते. त्यांना सांगावं लागलं नाही. मी नुसतीच उभी होते. आज गॅस पेटवायचा नाही एवढंच डोक्यात आलं. आपल्या माणसाची अशी बातमी आल्यावर घास कुणाच्या घशाखाली उतरणार?

खिडकीच्या वर ऊन सरकलं होतं. आबा हात न टेकता उठले.

"पोरी, ताट वाढ. दिवस बुडाया लागलाय."

मी रडतच भाकऱ्या थापल्या. अक्काताई त्यांचं ताट घेऊन आल्या, कोपऱ्यावरचे आले.  नुसता जेवण्याचा आवाज. आबांनी भाकरी संपवली, भाजी संपवली, दह्याची वाटी बोटानं पुसून घेतली. मी पहिला घास घेईपर्यंत माझ्याकडं बघत बसले. मग ताट घेऊन मोरीकडं गेले.

गल्लीचं कुत्रं दारात येऊन उभं होतं. बराच वेळ शेपूट हलवत होतं. त्याला काही मिळालं नाही.